अप्पा, ती गाडी विणलेली असते

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥

नॉर्थहॅम्पटन,
८ मार्च २०२६

तीर्थरूप आई-अप्पांना साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, बाळ्याला अनेक आशीर्वाद.

रविवारी फोनवर बोलणं अर्धवट राहिलं. जुलैत सगळे इथं या, सिल्व्हरस्टोनची फॉर्म्युला वन मोटारींची रेस बघू, एवढंच मी म्हटलं होतं. अप्पा, तुम्ही म्हणालात, "वीस-बावीस गाड्या गोल गोल पळणार, त्यात बघायचं काय? पैसे जपून ठेव." आणि फोन आईकडे दिलात. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून मी आवाज चढवते, आणि मग ते भांडल्यासारखं होतं. त्यापेक्षा पत्र बरं. तुम्हाला सावकाश, हवं तर दोनदा वाचता येईल.

पाकिटात एक काळा तुकडा ठेवलाय, रुमालाच्या चौथ्या भागाएवढा. आधी तो उजेडात धरून बघा. कडांना टेप लावलीय ती काढू नका, धागे सुटतात आणि बोटात शिरतात. मी जिथं काम करते तिथं कापून उरलेल्या चिंध्यांतला आहे, साहेबांना विचारूनच घेतला.

हाच तो कार्बन फायबर. एकेक तंतू आपल्या केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा बारीक. असे तीन हजार तंतू एकत्र आले की त्याचा एक धागा होतो, बिनपिळाचा, चपटा, फितीसारखा. आणि अप्पा, हा धागा मागावर विणतात. ताणा आणि बाणा, आपल्यासारखाच. दोन धागे वर, दोन खाली, पुढच्या ओळीत एक घर सरकून. तिरप्या रेघा दिसतायत ना? ट्विल आहे. तुम्ही माझ्या आधी ओळखलं असेल.

रेसची गाडी म्हणजे पत्रा, असं मलाही वाटायचं. तसं नाही. ड्रायव्हर ज्या टोपल्यासारख्या सांगाड्यात बसतो तो, पुढचं नाक, पंख, इंजिनावरची झाकणं, सगळं ह्या कापडाचं. आमच्याकडे कापड रेझिन, म्हणजे डिंकासारखी चिकट राळ, मुरवलेलंच येतं आणि उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये राहतं, नाहीतर रेझिन आपोआप आळायला लागतं. ते बाहेर काढून आम्ही साच्यात थरावर थर बसवतो. एक थर सरळ, दुसरा ४५ अंशांत तिरका, तिसरा आडवा. मी सातवीत असताना तुम्ही चादरीचं एक टोक माझ्या हातात दिलं होतं. म्हणाला होता, "सरळ ओढ, आता कोनावर ओढ." सरळ ओढली तर हलली नाही, कोनावर ओढली तर लांबली. इथं प्रत्येक थर बसवताना ती चादर माझ्या हातात असते. मग सगळं पिशवीत बंद करून आतली हवा काढायची आणि ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे प्रेशर कुकरसारख्या मोठ्या भट्टीत, तासन्तास शिजवायचं. बाहेर येतं ते पोलादापेक्षा कितीतरी हलकं आणि वाकवता न वाकणारं.

आता एक गोष्ट मुद्दाम सांगते. तुम्ही १९८१ साली मागावर लागलात ना? त्याच वर्षी मॅकलॅरेन संघाने पहिल्यांदा असा कार्बनचा सांगाडा असलेली गाडी फॉर्म्युला वनमध्ये उतरवली. एमपी४/१ तिचं नाव, जॉन बार्नार्ड तिचा रचनाकार. अपघातात काचेसारखी फुटेल, असं तेव्हा बरेच जण म्हणत होते. १८ जुलै १९८१ ला त्यांचा ड्रायव्हर जॉन वॉटसन त्या गाडीतून जिंकला. कुठं, तर सिल्व्हरस्टोनला, जिथं मी तुम्हाला न्यायचं म्हणते तिथंच. पुढे सप्टेंबरमध्ये इटलीत माँझाला त्याचाच मोठा अपघात झाला. गाडीचे दोन तुकडे, इंजिन तुटून वेगळं झालं. वॉटसन आपल्या पायांनी चालत बाहेर आला. लोकांची शंका त्या दिवशी मिटली आणि मग एकेक करून सगळ्या संघांनी तोच रस्ता धरला. विणलेल्या कापडाने माणूस वाचवला, अप्पा. हे तुम्हाला सांगताना मला वेगळंच काहीतरी होतं.

तर बेत असा आहे.

यंदा सिल्व्हरस्टोनची रेस ३, ४ आणि ५ जुलैला आहे. माझ्या घरापासून पंचवीसेक किलोमीटर. आई, तू पहिल्यांदा एकादशी विचारशील म्हणून मी आधीच पंचांग बघितलं. यंदा अधिक ज्येष्ठ असल्यामुळे आषाढी लांबलीय, २५ जुलैला आहे. अधिक महिना १५ जूनला संपतो, म्हणजे तुझं वाण-दान उरकेल, मग २० जूनचं विमान आणि १८ जुलैला परत. एकादशीला तू पंढरपुरात असशील. मला फार बरं वाटलं ते बघून, कारण गेल्या वर्षी रेस आणि आषाढी एकाच दिवशी आली होती, ६ जुलैला.

तो दिवस मी तुम्हाला नीट सांगितलाच नाही. सकाळी उठून साबुदाण्याची खिचडी केली, डब्यात भरली आणि एकटीच गेले. स्टँडचं तिकीट परवडलं नव्हतं, गवताच्या चढावर बसले. पाऊस असा आला की रेनकोट पाठीवर उसवला आणि येताना एक बूट चिखलात रुतून बसला, हाताने उपटून काढला. पण त्या पावसातच निको हुल्केनबर्गला बघितलं. सदतीस वर्षांचा माणूस, २३९वी रेस, आणि त्याआधी एकदाही पहिल्या तिनात आलेला नाही. एकोणिसाव्या जागेवरून सुटला होता. पाण्यात भलेभले घसरत होते आणि हा एकेक जागा वर येत होता. शेवटी तिसरा आला. माझ्या शेजारी एक म्हातारं जोडपं होतं, त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, माझ्याही आलं. खिचडीचा डबा मी त्यांच्यापुढे धरला, त्यांनी आवडीने खाल्ली. आणि तेव्हा मनात आलं की इथं माझ्या बाजूला अप्पा पाहिजेत. एवढी वर्षं न कंटाळता एकच काम रोज नीट करणं म्हणजे काय, हे त्यांना सांगावं लागलं नसतं.

दादा, रेसचं वेळापत्रक असं. यंदा तिथं स्प्रिंटसुद्धा आहे. शुक्रवारी एकच सराव आणि स्प्रिंटसाठीची पात्रता फेरी. शनिवारी सुमारे शंभर किलोमीटरची छोटी रेस, मग मुख्य पात्रता फेरी. रविवारी खरी रेस, ५.८९१ किलोमीटरच्या ५२ फेऱ्या. माझं मत विचारशील तर अप्पांसाठी शुक्रवार सगळ्यात चांगला. गर्दी कमी, घाई नाही, एका वळणावरून दुसऱ्या वळणावर जाऊन बघता येतं. शनिवारी तू आणि बाळ्या जा, मी आई-अप्पांना घरी विश्रांती देते. रविवारी सगळे मिळून, आणि रविवारची तिकिटं मी स्टँडची काढणार, आईच्या गुडघ्यांना गवताचा चढ झेपणार नाही. नॉर्थहॅम्पटनहून बसने जाऊ, गाडी नेली तर परतताना शेतातल्या पार्किंगमधून निघायलाच दोन तास जातात. तिकिटांच्या पैशाचं कुणी काढायचं नाही. दोन वर्षांचा ओव्हरटाइम त्यासाठीच बाजूला ठेवलाय.

गर्दी म्हणाल तर गेल्या वर्षी सगळे दिवस मिळून पाच लाखांच्या घरात माणसं होती. पंढरीच्या वाटेवर चाललेल्या आईला त्याचं काही नवल नाही. चालणं मात्र खूप आहे. जागा म्हणजे एक जुना विमानतळ, दुसऱ्या महायुद्धात तिथं वेलिंग्टन नावाची बॉम्बफेकी विमानं असायची. म्हणून एका सरळ पट्ट्याचं नाव वेलिंग्टन, दुसऱ्याचं हँगर. सगळं सपाट, वारा अडवायला काही नाही, आपल्या माळरानासारखं. आई, ॲबी, लफील्ड, बेकेट्स आणि चॅपल ही वळणांची नावं तिथल्या जुन्या मठावरून आणि चॅपलवरून पडलीत. फॉर्म्युला वनच्या जागतिक स्पर्धेची पहिली रेस इथंच झाली, १३ मे १९५० ला. राजे सहावे जॉर्ज बघायला आले होते, फरिना नावाचा ड्रायव्हर जिंकला होता.

बाळ्या, तुझा हॅमिल्टन इथं नऊ वेळा जिंकलाय. २०२० साली शेवटच्या फेरीत त्याचं पुढचं डावं टायर फुटलं आणि तीन चाकांवर त्याने रेस संपवली, पहिला. आणखी एक नाव लक्षात ठेव, आर्विड लिंडब्लाड. अठरा वर्षांचा, यंदा पहिलंच वर्ष, आई भारतीय वंशाची. आपल्या देशातून फॉर्म्युला वनमध्ये पहिला गेला तो कोइम्बतूरचा नारायण कार्तिकेयन, २००५ साली. पिटमध्ये, म्हणजे रेस चालू असताना गाडी थांबवतात तिथं, चारी चाकं बदलायला दोन-अडीच सेकंद लागतात. त्याची तालीम कशी करतात ते तुला तिथं आल्यावर सांगते.

अप्पा, आता कानाचं. तुम्ही पस्तीस वर्षं मागाच्या आवाजावरून दोष सांगितलात. धोटा कुठं अडतोय, पट्टा सैल आहे का, तुम्ही शेडच्या दारातूनच सांगायचात. कानात कापसाच्या बोळ्यापलीकडे काही नसायचं. घरी येऊन जेवायला बसलात की म्हणायचात, अजून माग चालूच आहेत डोक्यात. डावा कान गेला, उजवाही कमी होतोय. म्हणून मी यंदाच म्हणते, पुढच्या वर्षी नाही. बेकेट्सच्या वळणावर गाड्या ताशी दोनशे किलोमीटरच्या वर वेगाने डावी-उजवी-डावी वळतात. कोण ॲक्सिलरेटरवरून पाय किंचित उचलतो, कोण नाही, हे डोळ्यांना कळत नाही, कानाला कळतं. मला अजून जमत नाही. तुम्हाला पहिल्या पाच मिनिटांत जमेल, माझी खात्री आहे. २०१४ पासून इंजिनं १.६ लिटरची, टर्बोची झाली, पूर्वीसारखा कान फाडणारा आवाज राहिला नाही. तरी सगळ्यांसाठी कानावर लावायचे मफ मी आणून ठेवलेत, ते घातल्याशिवाय कुणाला आत नेणार नाही. आणि निघायच्या आधी कानाच्या डॉक्टरांकडे एकदा जाऊन या. मशीन लावायचं की नाही ते नंतर ठरवू, तपासणी तरी होऊ दे.

पेट्रोल जाळतात म्हणालात. यंदापासून त्या गाड्यांत पर्यावरण जपणाऱ्या पद्धतीने बनवलेलं इंधन आलंय आणि जवळजवळ निम्मी ताकद विजेची. ते तुम्हाला आल्यावर दाखवते.

दादा, व्हिसा तुझ्याकडे. प्रवासाच्या तीन महिने आधी अर्ज करता येतो, त्याआधी नाही. म्हणजे १९ तारखेचा पाडवा करा आणि २० ला आई-अप्पांचे अर्ज भरायला घ्या, तुझा आणि बाळ्याचा तुमच्या तारखेप्रमाणे. प्रत्येकाचा वेगळा अर्ज, बाळ्याचाही. ठसे आणि फोटोसाठी पुण्याला जावं लागेल, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसने जा. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, अप्पांच्या पेन्शनचे कागद, घराचा उतारा लागेल. माझं बोलावण्याचं पत्र, पगाराच्या स्लिपा आणि घराचा करार मी आज मेल केलाय. उत्तर यायला साधारण तीन आठवडे धरा. तू आणि बाळ्या आठच दिवस या, शाळा फार बुडायला नको. वहिनी, तुम्हाला रजा मिळाली तर माझ्यासाठी दुसरा सण होईल. कळवा, तिकीट मी थांबवून ठेवते.

आई, इथं जुलैतही संध्याकाळी गार वारं सुटतं, सोलापूरच्या हिशेबाने तर थंडीच. स्वेटर आण. दोन चादरी आण, शुक्रवारी गवतावर अंथरायला आपलीच चादर पाहिजे. शेंगा चटणी आणि कडक भाकरी चालेल. तूप, पेढे, खवा अजिबात नको, बाहेरून दुधाचं काही आणू देत नाहीत, विमानतळावर काढून घेतील. बी.पी.च्या गोळ्या हातातल्या पिशवीत ठेव, डॉक्टरांची चिठ्ठी बरोबर. मुंबईपर्यंत रात्रीच्या सिद्धेश्वर एक्सप्रेसने या म्हणजे दगदग नाही. पुढे सरळ विमान, नऊ-दहा तास. मी हिथ्रोला दारातच उभी असेन.

अप्पा, तुमची ती घडीची काच कपाटात वरच्या फळीवर, जुन्या डायऱ्यांच्या मागे आहे. मी दिवाळीला आले होते तेव्हा बघितली होती. ती काढा, तुकड्यावर ठेवा आणि एका इंचात ताण्याचे किती धागे बसतात, बाण्याचे किती, ते मोजा. मी इथं मोजून कागदावर लिहून ठेवलंय. येत्या रविवारी फोन करीन तेव्हा आधी तुमचा आकडा सांगा.

तुमची,
धाकटी