शनिवारची बैठक : फोमचा नाकतोडा

मंडळी, आठवण. येत्या शनिवारी सकाळी १० वाजता, नेहमीच्याच गॅरेजमध्ये, फोमचा नाकतोडा (ट्राउट मासे पकडायला गळावर दोऱ्याने बांधलेलं खोटं आमिष) बांधायचा आहे. कोलोरॅडोत जुलै संपता संपता काठचं गवत वाळतं, वाऱ्याने नाकतोडे पाण्यात पडतात आणि ट्राउट काठाशी येऊन थांबतात. म्हणून आत्ताच.

८ किंवा १० नंबरचे लांब दांडीचे गळ, २ मिमी जाडीचा पिवळा किंवा तपकिरी फोम, पायांसाठी रबर आणि सुपरग्लू आणा. व्हाइस (बांधताना गळ घट्ट धरून ठेवणारा शिकंजा) तीनच आहेत. स्वतःचा असेल तर सोबत घ्या. दोरा जरा जाडच हवा. बारीक दोरा फोममध्ये सुरीसारखा घुसतो, मागच्या वेळी निम्म्या जणांचे नाकतोडे असेच कंबरेत तुटले (माझे दोन). पहिले दोन वेढे सैल, मग हळूहळू आवळायचं. त्याआधी गळाच्या दांडीवर दोऱ्याचा थर द्या आणि गोंदाचा थेंब टाका, नाहीतर फोम दांडीभोवती गरगर फिरतो. पाठीवर नारिंगी फोमचा तुकडा लावा. माशांना नाही, आपल्याला दिसावा म्हणून.

१६ वर्षांच्या आणि त्याहून मोठ्या सर्वांनी नदीवर जाण्याआधी मासेमारीचा परवाना तपासावा. चहा आहे, खाण्याचं ज्याने त्याने बघावं.