जुन्या तुर्कमेन विणीवर कात्री चालवू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरसजावटीच्या पानावर जुन्या ‘बोखारा’ गालिच्यांविषयी, म्हणजे मध्य आशियातल्या भटक्या तुर्कमेन टोळ्यांच्या विणीविषयी, लेख आला आहे. कडा झिजलेले छोटे तुकडे साबणाच्या पावडरीत भिजवावेत, कडक उन्हात वाळवावेत आणि कापून त्यांच्या उशा, पर्स, बैठकीच्या गाद्या शिवाव्यात, असा सल्ला त्यात दिला आहे. सोबतच्या छायाचित्रात कात्रीखाली जो तुकडा दिसतो, तो पाहिल्यावर मला जेवण गोड लागले नाही. तो तुकडा पाचकोनी आहे.

पाचकोनी तुर्कमेन वीण म्हणजे अस्मालिक. तो जमिनीवर अंथरायचा गालिचा नव्हेच, उंटाची झूल आहे. वरातीत नवरीच्या उंटाच्या दोन्ही कुशींवर एकेक अशी ती शोभायची, म्हणून अस्मालिक जोडीने विणत. योमूत या तुर्कमेन टोळीतल्या असंख्य मुलींनी लग्नाआधी ते विणले. पुढे व्यापाऱ्यांनी जोड्या फोडून एकेक नग विकला, त्यामुळे आज अख्खी जोडी पाहायला मिळणे हेच भाग्य. उरलेल्या एकाचीही पर्स करायची असेल, तर त्याला नवा वापर म्हणता येणार नाही.

माझे आयुष्य सोलापुरात कापड गिरण्यांच्या रंगखात्यात गेले. तुर्कमेन विणीकडे मी वळलो तो तिच्या लाल रंगामुळे. हा लाल रंग मुख्यतः मंजिष्ठेच्या कुळातल्या एका झाडाच्या मुळांचा, लोकरीवर तुरटीने बसवलेला. निळा रंग निळीचा, आणि एकोणिसाव्या शतकात मध्य आशियात जाणाऱ्या मालात आपल्याकडची नीळही असे. सालोर टोळीच्या कामात मध्येच जांभळट गुलाबी रेशमाचे लहान ठिपके येतात. दिव्याच्या उजेडात ते असे उठून दिसतात, की विणणारीने रेशीम किती जपून वापरले असेल ते कळते.

माझ्याकडे टेक्के टोळीचा एक चुवाल आहे. चुवाल म्हणजे तंबूच्या जाळीदार भिंतीला टांगायची मोठी पिशवी. कपडेलत्ते आणि घरातले किडुकमिडुक तिच्यात ठेवत. तिचे तोंड साधारण सव्वा मीटर रुंद. त्याहून उथळ ती तोरबा, अगदी लहान ती मफ्राश, आणि तंबूच्या दारावरचा पडदा तो एन्सी. बहुतेक चुवालांची साधी विणलेली पाठ व्यापाऱ्यांनी कापून टाकली आहे, कारण सपाट तुकडा गठ्ठ्यात नीट बसतो. माझ्या चुवालची पाठ अर्धी शिल्लक आहे आणि वरच्या काठाला टांगण्याच्या दोरीचा एक वेढाही. दुकानदार तो ‘साफ करून’ द्यायला निघाला होता, मी तसाच मागून घेतला. ही पिशवी कशी टांगली जाई, हे तो वेढाच सांगतो.

याच चुवालची लव, म्हणजे गाठींची वर उभी राहिलेली टोके, अंगठ्यांनी फाकवून पाहिली, तर बहुतेक गाठींमध्ये लाल रंग टोकाला आणि मुळाशी सारखाच दिसतो. एका ओळीत मात्र गाठीच्या मुळाशी भडक किरमिजी आहे आणि टोकाला मातकट करडा. ही फुक्सिनची खूण. फुक्सिन हा कृत्रिम रंग 1850 च्या दशकाच्या अखेरीस युरोपात निघाला. तो उजेडात फार लवकर उडतो. त्यानंतर आलेल्या अॅझो नावाच्या कृत्रिम लाल रंगांची तऱ्हा उलटी, ते उन्हात बरे टिकतात पण पाणी लागताच शेजारच्या पांढऱ्या लोकरीत उतरतात. म्हणूनच साबणाच्या पावडरीचा सल्ला घातक आहे. ती पावडर अल्कलीयुक्त असते. अल्कलीने लोकर ठिसूळ होते, मंजिष्ठेचा लाल निळसर होतो आणि कच्चा रंग पसरतो. दीडशे वर्षांची वीण एका दुपारी वाया जाते. रंग कच्चा आहे का हे पाहायचे असेल, तर ओला पांढरा सुती कपडा एका कोपऱ्यावर हलकेच दाबावा. कपड्याला रंग लागला, तर पुढे पाण्याचा थेंबही लावू नये.

या विणीला आपण ‘बोखारा’ म्हणतो ते ती बोखाऱ्याच्या बाजारात विकली जायची म्हणून. विणणाऱ्या होत्या टेक्के, योमूत, सालोर, सारीक, एर्सारी, चोदोर या टोळ्यांतल्या बायका. त्यांचा माग आडवा, जमिनीत खुंट्या ठोकून ताणलेला. तळ हलला की अर्धवट वीण मागासकट गुंडाळून उंटावर. जानेवारी 1881 मध्ये स्कोबेलेव्हच्या रशियन फौजेने टेक्क्यांचा गोक तेपेचा किल्ला घेतला आणि तिथे भयंकर कत्तल झाली. 1884 मध्ये तुर्कमेनांचे मर्व्ह शहर रशियाकडे गेले, 1886 मध्ये तिथे रेल्वे पोहोचली. त्या काळात पोटासाठी घरातली वीण बाजारात आली आणि बाजारासाठी नवी वीण घाईघाईने होऊ लागली. कृत्रिम रंगही याच सुमारास त्या भागात पसरले. म्हणजे हे तुकडे आपल्यापर्यंत येतात त्यामागे एका समाजाची झालेली लूट आणि उपासमारही आहे. माझ्यासारख्या संग्राहकाने ही गोष्ट नजरेआड करू नये असे मला मनापासून वाटते.

आपल्या लेखात प्रत्येक टोळीचा ‘गुल’, म्हणजे विणीत पुन्हापुन्हा येणारी नक्षी, हे तिचे ठरलेले चिन्ह, असेही लिहिले आहे. आपल्याकडे कुळाचे देवक असते तसे ते वाटते खरे, आणि सोव्हिएत काळातल्या संशोधकांनी तसा सिद्धांत मांडलाही होता. पण एकच गुल अनेक टोळ्यांच्या कामात सापडतो. त्यामुळे नुसत्या नक्षीवरून टोळी ठरवता येत नाही. मागची बाजू पाहावी लागते. गाठ ताण्याच्या दोन्ही धाग्यांना सारखी वेढलेली आहे की एकच धागा पुरा वेढून दुसऱ्यामागून काढलेली, सुटा फाटा उजवीकडे उघडतो की डावीकडे, आडवे धागे कसे बसवले आहेत, यावरून पुष्कळ उलगडते. टेक्के यातली दुसऱ्या प्रकारची गाठ वापरत आणि ती बहुधा उजवीकडे उघडते, सालोरांची डावीकडे, तर सारीक बहुतेक पहिल्या प्रकारची, दोन्ही धाग्यांना सारखी वेढलेली गाठ मारत. तुकडा कापून अस्तर लावले की हे सगळे कायमचे झाकले जाते.

‘दोनशे वर्षे जुना’ या दुकानदारी भाषेवरही विश्वास ठेवू नये. कार्बन चाचणीला साधारण 1650 ते 1950 या काळातल्या लोकरीत नेमका फरक करता येत नाही. शिवाय चहाच्या पाण्याने नवी वीण जुनी दाखवतात. पाकिस्तानात आणि आपल्या भदोही-मिर्झापूरकडेही बोखारा नक्षीचे गालिचे विणले जातात. तेही मेहनतीचे काम आहे, पण ते तुर्कमेन नव्हे, आणि तसे सांगूनच विकले पाहिजे.

कायद्याचा उल्लेख लेखात यायला हवा होता. भारताच्या 1972 च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. मुलगा परदेशी आहे म्हणून बॅगेत घालून पाठवू, असा विचार कोणी करत असेल तर आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे चौकशी करावी. तुर्कमेनिस्तानातून गालिचा आणायचा, तर तिथल्या तज्ज्ञ समितीचा दाखला लागतो.

पावसाळ्यात आपल्याकडे या विणीला दोन वैरी, कसर आणि बुरशी. घडी घालू नका, घडीवर ताणा तुटतो. लव ज्या दिशेला झुकते त्या दिशेने सुती पंचात गुंडाळा, दर दोन महिन्यांनी उघडून सावलीत वारा द्या, मागून हलकेच झटका. डांबरगोळ्या लोकरीला लागू देऊ नका.

आणखी एक सुचवावेसे वाटते. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत, पूर्वीच्या यूडीसीटीत, 1930 च्या दशकापासून कापडाच्या रंगांचा अभ्यास होतो आहे. धाग्याच्या काही मिलिमीटर तुकड्यावरून मंजिष्ठा, लाख, कोचिनील किड्याचा रंग की कृत्रिम रंग हे आजच्या उपकरणांनी ओळखता येते. महाराष्ट्रातल्या संग्राहकांनी आपापल्या वस्तूंचे नमुने आणि मागच्या बाजूची छायाचित्रे अशा विभागांकडे नेली, तर विद्यार्थ्यांना प्रबंधाचा विषय मिळेल आणि आपल्याला खात्रीची माहिती. माझ्या चुवालचे धागे द्यायला मी तयार आहे. पुढच्या पुरवणीत धुण्याच्या सल्ल्याची दुरुस्ती ठळक छापावी, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक, सोलापूर