फिजिओथेरपीच्या मुलांना वेदना ऐकायला शिकवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेली २२ वर्षं मी फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते, विद्यार्थ्यांना शिकवतेही. मध्यंतरी ओपीडीत चाळिशीतल्या एक बाई कंबरदुखी घेऊन आल्या. शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनीने विचारलं, "शून्य ते दहामध्ये किती दुखतं?" त्या म्हणाल्या, "आठ." तिने आठ लिहिलं आणि पाय सरळ उचलून बघायला घेतला. बाई एमआरआयचं पाकीट छातीशी धरूनच आडव्या झाल्या होत्या. तपासणी संपली. जाताना त्या न वाकता, पायानेच चपला चाचपू लागल्या, तेव्हा मी विचारलं. दोन वर्षांपूर्वी कुणीतरी "मणका झिजलाय, वाकू नका" असं सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांनी खाली पडलेला रुमालही स्वतः उचलला नव्हता.

मुलगी हुशार आहे. स्नायू, नसा, सांध्यांचे कोन, सगळं तोंडपाठ. पण वेदना हा विषय तिला आम्ही नीट शिकवलेलाच नाही. पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्रात एक धडा, मग टेन्स मशीन (त्वचेवरून सौम्य वीज देऊन दुखणं कमी करणारं यंत्र) शिकवताना मेल्झॅक आणि वॉल यांचा १९६५चा गेट कंट्रोल सिद्धांत, म्हणजे वेदनेचे संदेश मज्जारज्जूतल्या एका 'फाटका'पाशी अडवता येतात ही कल्पना, की संपलं. वास्तविक वेदना अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० मध्ये व्याख्या सुधारताना स्पष्ट म्हटलं आहे, की वेदना हा संवेदनेचा आणि भावनेचाही अनुभव आहे आणि नसांतून जाणारा इजेचा संदेश म्हणजे वेदना नव्हे. शिवाय माणूस दुखतंय म्हणतो तेव्हा त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असंही त्यात आहे.

त्या पाकिटाचंच बघा. कंबर अजिबात न दुखणाऱ्या तीन हजारांवर लोकांच्या स्कॅनचा आढावा २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या मणक्यांतल्या चकत्या झिजलेल्या दिसल्या. केस पिकावेत तशी ही झीज. एवढं एक वाक्य वेळेवर कानावर पडलं असतं, तर त्या बाईंची दोन वर्षं अशी गेली नसती.

आणि तो 'आठ'! आपल्या भाषेत दुखण्याला किती शब्द आहेत: ठणका, कळ, चमक, सणक, ठुसठुस. रुग्ण "आग होते, मुंग्या येतात, शॉक बसल्यासारखं होतं" म्हणाला की नसेचा विचार करायचा. "सकाळी आखडतं, हालचाल केली की सुटतं" म्हणाला की दाहाचा, म्हणजे आतल्या सुजेचा. रुग्ण निम्मं निदान बोलून दाखवतो आणि आमची मुलं आकडा लिहून मोकळी होतात.

अर्धवट शिकवण्याचाही धोका आहे. "वेदना मेंदूत तयार होते" एवढंच ऐकून कुणी रुग्णाला "हे तुमच्या मनाचे खेळ आहेत" म्हणालं, तर त्याच्याइतकं वाईट काही नाही. वेदना खरीच असते. तसंच लघवीवरचा ताबा सुटणं, बसायच्या जागी बधिरपणा येणं या खुणा दिसल्या तर समजूत घालत न बसता ताबडतोब डॉक्टरांकडे पाठवायला हवं. हेही त्याच शिक्षणात यायला हवं.

त्याच संघटनेने फिजिओथेरपीसाठी वेदनेच्या अभ्यासक्रमाची रूपरेषा केव्हाच करून ठेवली आहे. ती वापरून वेदना हा स्वतंत्र विषय करावा, आणि आधी आम्हा शिक्षकांना तो शिकवावा. पण माझा खरा आग्रह परीक्षेचा आहे, कारण जे परीक्षेत येत नाही ते मुलं वाचत नाहीत. प्रॅक्टिकलला खरा रुग्ण समोर बसवावा. विद्यार्थ्याने दहा मिनिटं त्याचं ऐकावं आणि का दुखतंय, काय करता येईल, हे त्याला कळेल अशा शब्दांत सांगावं. मग बाहेरच्या परीक्षकाने रुग्णालाच विचारावं, "काय समजलं तुम्हाला?" गुण त्यावर द्यावेत.

आपली,
एक फिजिओथेरपी शिक्षिका