कंबरदुखी थांबली, पण तोल?

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, उसण गेली, आता ठणठणीत आहे असं तुम्ही फोनवर म्हणालात. पण मागून आई म्हणाली, पायजमा चढवताना हल्ली भिंतीला हात लावावा लागतो, आणि तोंडाला साबण लावून डोळे मिटले की झोक जातो. तुम्ही दोघांनीही त्याचं खापर वयावर फोडलंत. वयाचा वाटा असेलही, पण माझ्याकडे येणाऱ्या कंबरदुखीच्या तरुण पेशंटांचंही असंच होतं. म्हणून सविस्तर लिहिते आहे.

फडताळातला डबा काढायला आपण हात उचलतो, त्याच्या क्षणभर आधीच पोटाचा सगळ्यात आतला स्नायू आवळला जातो. कणा डगमगू नये म्हणून शरीर ही तयारी न सांगता करतं. क्वीन्सलँड विद्यापीठातल्या हॉजेस आणि रिचर्डसन यांनी १९९६ मध्ये दाखवलं की कंबर दुखणाऱ्यांमध्ये हा स्नायू उशिरा कामाला लागतो. उशीर सेकंदाच्या अगदी लहानशा भागाचा. पण पाय घसरला की सावरायलाही तेवढाच वेळ असतो.

मणक्यांना लगटून असलेला मल्टिफिडस नावाचा स्नायू दुखण्यात बारीक होतो. त्याच वर्षी संशोधक ज्युली हाइड्स यांना आढळलं की पहिल्यांदाच कंबर धरलेल्यांचं दुखणं काही आठवड्यांत थांबलं, तरी व्यायाम न केलेल्यांचा हा स्नायू पूर्ववत झाला नाही. नेमका व्यायाम केलेल्यांचा झाला. बाबा, तुमचं नेमकं इथंच अडलं आहे असं मला वाटतं. आतले स्नायू ढिले पडले की बाहेरचे मोठे स्नायू ताठरतात, माणूस अंग धरून चालतो. कंबरेतून मेंदूला मिळणारी खबरही अंधूक होते, मग सगळी भिस्त डोळ्यांवर. म्हणून साबण लावताना तोल जातो.

बाबा, कंबरेला बांधायचा तो पट्टा आता कपाटात ठेवा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीला पट्टे नकोत असंच सांगितलं आहे. दिवसभर पडून राहणं तर नकोच. स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून एका पायावर उभं राहायचा सराव करा, आई, तू शेजारी थांब. डोळे मिटून इतक्यात करू नका. पायजमा सध्या पलंगावर बसूनच घाला. तिथल्या फिजिओथेरपिस्टकडून पाठीच्या आतल्या स्नायूंचे व्यायाम शिकून घ्या, आणि डॉक्टरांकडून बीपीच्या गोळ्याही एकदा तपासून घ्या, चक्कर त्यानेही येते.

पाय लुळा पडला, बैठकीच्या जागी बधिरपणा आला किंवा लघवी अडली वा आवरेनाशी झाली, तर माझ्या फोनची वाट न बघता थेट दवाखाना गाठा.

आई, मोरीत धरायला दांडा बसवायचाय. प्लंबरला या आठवड्यातच बोलावून घे, पैसे मी पाठवते.

तुमची लेक