अनुदान बसवायला मिळतं, सांभाळायला नाही

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

छोट्या उद्योगांच्या डिजिटलायझेशनसाठी आणि सायबर सुरक्षेसाठी सरकारांनी पैसा द्यावा की नाही यावर बरीच चर्चा चालते, पण तो पैसा नेमका कुठल्या दिवशी आणि कशाचं बिल बघून सुटतो याबद्दल कोणी बोलत नाही, म्हणून हे पत्र. छोट्या ऑफिसांचे कॉम्प्युटर आणि सर्व्हर सांभाळायचं काम मी करतो, त्यामुळे अनुदान मिळाल्यानंतर पुढे काय होतं ते बघायला मिळतं.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, पैसा द्यायलाच हवा. "ज्याचा धंदा त्याने आपलं बघावं" असं म्हणणारे भेटतात, त्यांनी 2017 सालचं नॉटपेट्या प्रकरण आठवावं. युक्रेनमधल्या एका छोट्या कंपनीचं एमईडॉक नावाचं अकाउंटिंग सॉफ्टवेअर होतं, त्याच्या अपडेटमधून व्हायरस घुसवला गेला, आणि तो थेट मेर्स्क या जहाज कंपनीपर्यंत पोचला. मेर्स्कला जवळपास 4,000 सर्व्हर आणि 45,000 कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले, नुकसान 30 कोटी डॉलरच्या घरात. म्हणजे दार एका छोट्या कंपनीचं उघडं राहिलं आणि भुर्दंड जगभरातल्या बंदरांनी भरला. असं असेल तर ते दार बंद करायचा खर्च सगळ्यांनी मिळून उचलणं बरोबरच आहे, त्यावर माझा वाद नाही.

वाद आहे तो पद्धतीवर. बहुतेक योजनांचा साचा एकच, कोटेशन जोडा, मंजुरी घ्या, खरेदी करा, बसवल्याचे फोटो लावा, बिल द्या, पैसे घ्या, फाइल बंद. आणि सुरक्षेचं खरं काम सुरू होतं ते फाइल बंद झाल्यावर! अपडेट टाकणं, सोडून गेलेल्या माणसाचं लॉगिन बंद करणं, बॅकअप खरंच परत येतोय का ते बघणं, याचं बिल फोटो काढून जोडता येत नाही, म्हणून ते "पात्र खर्चात" बसत नाही. मग सुरक्षेच्या रकान्यात काय येतं, तर एक वर्षाचं अँटिव्हायरसचं लायसन्स आणि एक फायरवॉलचा (बाहेरून नेटवर्कमध्ये घुसणाऱ्याला अडवणारा) डबा, वर्ष संपलं की लायसन्सही संपतं, आणि डबा तसाच लुकलुकत राहतो, त्याचा मूळ पासवर्डसुद्धा कोणी बदललेला नसतो.

बॅकअपचंच घ्या. अनुदानातून घेतलेल्या बॅकअपवर रोज हिरवी टिक येते, मालक खूश असतो. प्रत्यक्ष बघितलं तर बॅकअपची डिस्क त्याच सर्व्हरला कायमची जोडलेली, म्हणजे रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) आलं की मूळ डेटा आणि बॅकअप दोन्हींना एकदमच कुलूप. बरं, एखादी जुनी फाइल परत काढून दाखवा म्हटलं तर बॅकअपला लावलेला पासवर्ड ज्याने सिस्टिम बसवली त्या व्हेंडरकडे कामाला असलेल्या मुलाकडे, आणि तो मुलगा नोकरी सोडून कधीच गेलेला. हे एखाद्याच ठिकाणी असतं तर पत्र लिहायला बसलो नसतो. मेर्स्कसारख्या कंपनीतही डोमेन कंट्रोलर, म्हणजे कोणाला लॉगिन करू द्यायचं ते ठरवणारे सर्व्हर, एकमेकांचीच कॉपी ठेवायचे, त्यामुळे सगळे एकदम गेले, वाचला तो फक्त घानामधला एक, कारण तिथे त्या वेळी लाइट गेली होती म्हणून तो नेटवर्कवर नव्हता. नशीब म्हणायचं की अजून काय!

दुसरी गोष्ट म्हणजे व्हेंडरचं लॉगिन. प्रोजेक्ट संपला तरी त्यांचा रिमोट अॅक्सेस, म्हणजे लांबून मशीनमध्ये शिरायची सोय, चालूच राहतो, आणि एकाच व्हेंडरने एकाच योजनेतून पन्नास उद्योग "डिजिटल" केले असतील तर एक दरवाजा फोडून पन्नास घरात शिरता येतं. 2021 च्या जुलैत कसेया नावाच्या कंपनीच्या सॉफ्टवेअरवर हल्ला झाला, हे सॉफ्टवेअर सर्व्हिस प्रोव्हायडर लोक आपल्या ग्राहकांची मशीन लांबून सांभाळायला वापरतात, तर त्यातून आठशे ते दीड हजार उद्योगांपर्यंत रॅन्समवेअर गेलं आणि स्वीडनमध्ये कोप या साखळीची शेकडो दुकानं बंद ठेवावी लागली कारण बिलिंगचे काउंटरच चालेनात. अनुदान देताना व्हेंडरची मान्यताप्राप्त यादी करतात, त्यात त्याची उलाढाल विचारतात, अनुभव विचारतात, पण तुमच्याकडे ग्राहकांचे पासवर्ड कसे ठेवता हे कोणी विचारत नाही.

बाहेर काय काय करून बघितलंय तेही सांगतो. ब्रिटनने 2022 च्या जानेवारीत छोट्या उद्योगांना मान्यताप्राप्त सॉफ्टवेअरवर अर्धी सूट, जास्तीत जास्त 5,000 पौंड, अशी योजना काढली, उद्दिष्ट एक लाख उद्योगांचं, पण प्रतिसादच मिळाला नाही आणि 2023 च्या फेब्रुवारीत ती गुंडाळली. माझ्या मते त्याचं कारण सोपं आहे, लोकांना सॉफ्टवेअर घ्यायला सवलत नको असते, ते चालवायला माणूस हवा असतो. स्पेनच्या 'किट डिजिटल' योजनेत मात्र एक चांगली गोष्ट होती, पैसे युरोपच्या कोविडनंतरच्या निधीतून आले, आणि व्हेंडरला सगळे एकदम मिळायचे नाहीत, दुसरा हप्ता वर्षभर सेवा दिल्यानंतर. हे मला पटतं. फक्त तिथेही "सेवा दिली" हे कागदावर दाखवायचं असायचं, मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो की करून दाखवायला लावा.

माझी सूचना अशी. अनुदानातला एक तृतीयांश हिस्सा तरी एक वर्ष राखून ठेवा, आणि तो उद्योगाचा नाही तर व्हेंडरचा अडकवा, कारण छोट्या उद्योगाकडे आधीच खेळतं भांडवल कमी असतं, त्याचेच पैसे अडकवले तर तो या भानगडीत पडणारच नाही. वर्षाने तिसऱ्याच कोणीतरी येऊन सांगायचं, अमुक तारखेची अमुक फाइल बॅकअपमधून काढून द्या, घड्याळ लावून. आली तर हप्ता सुटला. सोबत अॅडमिन लॉगिनची यादी बघायची, व्हेंडरचं नाव अजून त्यात का आहे हे विचारायचं, आणि दोन पायऱ्यांचं लॉगिन (पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं) चालू आहे का ते तिथल्या तिथे करून बघायचं. एवढ्याला फार तर एक दुपार लागेल, आणि सगळ्यांना तपासायची गरजही नाही, चिठ्ठ्या टाकून काही निवडा, आपला नंबर लागू शकतो एवढ्या धाकानेच निम्मं काम होईल.

आणि हो, सायबर सुरक्षेची वेगळी योजना काढण्याचा सोस सोडा. डिजिटलायझेशनची एक खिडकी, सुरक्षेची दुसरी, दोन फॉर्म, दोन खाती, म्हणजे पहिली सगळे घेणार आणि दुसरीकडे कोणी फिरकणार नाही. ब्रिटनमध्येच 2014 पासून 'सायबर इसेन्शियल्स' म्हणून एक प्रमाणपत्र आहे, त्यात पाचच गोष्टी बघतात, फायरवॉल, सुरक्षित सेटिंग, कोणाला कुठवर परवानगी, मालवेअरपासून बचाव, आणि वेळेवर अपडेट. यात नवीन खरेदी फार थोडी, लक्ष देणं जास्त. वॉनाक्राय नावाचा रॅन्समवेअर 2017 च्या मे महिन्यात आला तेव्हा विंडोजमधल्या ज्या फटीतून तो शिरायचा ती बुजवणारा पॅच, म्हणजे दुरुस्तीचा अपडेट, मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवला होता, फुकट. ज्यांचं बुडालं त्यातल्या बहुतेकांना नवीन सॉफ्टवेअर नाही, तो पॅच टाकणारा माणूस हवा होता. त्या माणसाचे महिन्याचे चार तास अनुदानात धरले तर खर्च कितीसा वाढेल?

यावर अधिकारी लोकांचं उत्तर ठरलेलं असतं, मजुरीचं बिल खोटं करता येतं, मशीनचं नाही. मशीनचंही करता येतं, हे त्यांनाही माहीत आहे. आणि खोटं पकडायचंच असेल तर वर सांगितलेली बॅकअपची परीक्षा त्यालाही पुरते, कारण वर्षभर कोणी लक्ष दिलं नसेल तर फाइल परत येईलच याचा भरवसा नसतो.

तेव्हा आपल्या वार्ताहरांना एक विनंती, अशा योजनेची पत्रकार परिषद असेल तेव्हा किती कोटी वाटले हे जरूर छापा, पण त्याच्या जोडीला मागच्या वेळी ज्यांना दिले त्यातल्या किती जणांची सिस्टिम आज अपडेट आहे हेही विचारा, आणि आकडा मिळाला नाही तर तसं छापा.

आपला,
एक नियमित वाचक