शब्द बदला, नोंद पुसू नका

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

संगणकक्षेत्राने २०२०च्या सुमारास 'मास्टर-स्लेव्ह' (मालक-गुलाम), 'ब्लॅकलिस्ट' (काळी यादी) असे गुलामगिरीची आणि वर्णभेदाची आठवण देणारे शब्द टाकून द्यायला सुरुवात केली, तेव्हा अनेकांनी ती वरवरची रंगरंगोटी ठरवली. सरकार एखाद्या अल्पसंख्य गटाचा रकाना अर्जावरून काढते, तेव्हाही 'एक शब्द तर गेला' असे म्हणून विषय संपवला जातो. डेटाबेस आणि अर्जांची पोर्टल सांभाळणे हे आमचे काम आहे. आतून पाहिले तर या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि सोलापूरकरांना तो इतरांहून लवकर कळायला हवा.

मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्या. एका सर्व्हरवरची माहिती दुसऱ्यावर सतत उतरत राहते. पहिल्याला 'मास्टर' आणि दुसऱ्याला 'स्लेव्ह' म्हणत. जुलै २०२०मध्ये त्यांच्यासाठी 'सोर्स' आणि 'रेप्लिका' ही नावे जाहीर झाली. ८.० मालिकेत नव्या आज्ञा आल्या, जुन्याही चालत राहिल्या, फक्त इशारा दाखवू लागल्या. त्या काढल्या गेल्या २०२४च्या ८.४ आवृत्तीत. प्रोग्रॅमचा कोड साठवणाऱ्या गिटहब या संकेतस्थळाने १ ऑक्टोबर २०२०पासून नव्या प्रकल्पांच्या मुख्य शाखेला 'मास्टर'ऐवजी 'मेन' म्हटले, पण जुन्या प्रकल्पांना हात लावला नाही. त्रास झालाच. देखरेखीची स्क्रिप्ट (आपोआप चालणारा छोटा प्रोग्रॅम) 'स्लेव्ह आयओ रनिंग' हा रकाना शोधत बसते, त्याचे नाव आता 'रेप्लिका आयओ रनिंग' झालेले असते. शोध रिकामा येतो, आणि रिकाम्या उत्तराची सोय स्क्रिप्टमध्ये केलेली नसेल तर प्रत उतरणे थांबले तरी धोक्याची सूचना येत नाही. हा त्रास यंत्र सांभाळणाऱ्याचा असतो. साठवलेल्या माहितीतली एक ओळही त्यात हरवत नाही.

आता दुसरी बाजू. अमेरिकेच्या पासपोर्टवर लिंगाच्या रकान्यात एप्रिल २०२२पासून स्त्री, पुरुष यांच्याबरोबर 'एक्स' हा तिसरा पर्याय मिळत होता. २० जानेवारी २०२५च्या अध्यक्षीय आदेशानंतर तो देणे थांबले. खालच्या न्यायालयाने हे अडवले होते, पण ६ नोव्हेंबर २०२५ला तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सरकारला तूर्त मोकळीक दिली. इथे जुने-नवे दोन्ही चालू ठेवण्याचा काळ नाही, पर्यायी नाव नाही. मान्य पर्यायांच्या यादीतून एक अक्षर गेले, एवढेच. जुना पासपोर्ट मुदत संपेपर्यंत चालतो; नूतनीकरणाच्या अर्जात मात्र ते अक्षर नसते. ज्या राज्यांच्या वाहन परवान्यावर 'एक्स' आहे, तिथल्या माणसाचे दोन सरकारी कागद एकमेकांशी जुळेनासे होतात आणि त्याचा जाब त्या माणसालाच विचारला जातो. फेब्रुवारी २०२५मध्ये न्यूयॉर्कच्या स्टोनवॉल या समलिंगी-पारलिंगी हक्कांच्या लढ्याच्या राष्ट्रीय स्मारकाच्या सरकारी संकेतस्थळावरून 'ट्रान्सजेंडर' हा उल्लेखही काढला गेला.

सोलापूरला हे परके नाही. १८७१पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी माणसे जन्मतःच गुन्हेगार म्हणून नोंदवली आणि आपल्या शहरात तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट, म्हणजे सक्तीची वस्ती, उभी राहिली. ३१ ऑगस्ट १९५२ला कायदा रद्द झाला, 'गुन्हेगार जमाती'च्या जागी 'विमुक्त' हा शब्द आला. नुसता शब्द आला असता तर कैकाडी, कंजारभाट, वडार, पारधी यांच्या मुलांच्या पदरात काही पडले नसते. राज्याने विमुक्त जातींची यादी केली, तिला 'अ' प्रवर्ग दिला, आज तिला ३ टक्के आरक्षण आहे. यादीत नाव म्हणून दाखला, दाखला म्हणून पडताळणी, पडताळणी म्हणून प्रवेश. दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ या तारखेपासूनचा महाराष्ट्रातला पुरावा शोधावा लागतो, आणि गाडे अडते ते शाळेच्या जुन्या रजिस्टरात जात कशी लिहिली आहे यावर. तीच माणसे विजापूरच्या बाजूला गेली की यादी बदलते: कर्नाटकात लमाणी (म्हणजे आपल्याकडचे बंजारा) अनुसूचित जातींत, महाराष्ट्रात बंजारा विमुक्त जातींत, आणि महाराष्ट्रातल्याच बंजारांसाठी केंद्राची यादी इतर मागासवर्गाची. इतक्या याद्यांवर तोललेल्या कुटुंबाची एक ओळ गेली, तर पुढची सगळी साखळी तुटते.

पुसणे नेहमी आदेश काढूनच होते असे नाही. बहुतेकदा ते वर्गीकरणात, कुणाच्या लक्षात न येता होते. २०११च्या जनगणनेच्या भाषा-तक्त्यात लमाणी ही हिंदीखाली, वडारी तेलुगूखाली आणि कैकाडी तमिळखाली घातली आहे. १० हजारांपेक्षा कमी लोकांनी सांगितलेल्या मातृभाषा तर वेगळ्या छापल्याच जात नाहीत, 'इतर'मध्ये जातात. बातम्यांत आणि धोरणांत वरचा मोठा आकडा वापरला जातो, त्यामुळे जिल्ह्यातली तांड्यावरची भाषा हिशेबातच उरत नाही. उलट त्याच २०११मध्ये लिंगाच्या रकान्यात स्त्री-पुरुषांपलीकडचा तिसरा कोड आला आणि देशात ४,८७,८०३ व्यक्ती त्यात नोंदल्या गेल्या. आकडा अपुरा असेल, पण कोड होता म्हणून आकडा तरी निघाला.

रकाना काढणे प्रत्येक वेळी चूकच, असेही आम्ही म्हणत नाही. ऑक्टोबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या रजिस्टरातला जातीचा रकाना काढायला सांगितला, ते योग्यच झाले. त्या रकान्यावरून झाडूकाम कुणाला आणि स्वयंपाक कुणाला हे ठरत होते. डिसेंबर २०२०मध्ये महाराष्ट्राने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलून समतानगर, भीमनगर, क्रांतीनगर अशी नावे देण्याचे ठरवले, तेही योग्य. तिथल्या रहिवाशांचा प्रवर्ग मात्र जागच्या जागी राहिला. रकाना काढण्याआधी एवढेच विचारावे की त्याच्या आधाराने माणसाला काही मिळते, की त्याच्याकडून काही हिरावले जाते.

२०२७च्या जनगणनेत जात नोंदली जाणार आहे आणि मोजणी मोबाइलवर होणार आहे. म्हणून यंत्रणेकडे आमच्या नेमक्या मागण्या अशा. माणसाने सांगितलेले उत्तर जसेच्या तसे वेगळ्या रकान्यात साठवावे आणि वर्गीकरणाचा कोड त्याच्या शेजारी ठेवावा. मूळ उत्तर हातात असले तर चुकलेले वर्गीकरण नंतर दुरुस्त करता येते, कोडवरून मूळ उत्तर काढता येत नाही. यादीतला कोड बंद करायचा असेल तर तो पुसू नये, त्याला बंद झाल्याची तारीख लावावी आणि जुना कोड कोणत्या नव्या कोडात गेला याचा तक्ता जाहीर करावा. 'इतर' निवडल्यावर लिहायला जागा असलीच पाहिजे, आणि ती रिकामी सोडून पुढे जाता येऊ नये.

नागरिकांनीही एक करावे. मातृभाषा म्हणजे लहानपणी आई आपल्याशी जी बोलली ती. प्रगणकाला तीच सांगावी: लमाणी, कैकाडी, वडारी, तेलुगू, कन्नड, उर्दू, जी असेल ती. मातृभाषेशिवाय येणाऱ्या आणखी दोन भाषांची नोंद वेगळी होते, मराठी-हिंदी तिथे सांगता येते. जातीचे नाव दाखल्यावर आहे त्याच अक्षरांत सांगावे आणि पडद्यावर काय टंकले गेले ते प्रगणक उठण्याआधी वाचून घ्यावे.

आपले,
माहिती-व्यवस्थापनात काम करणारे काही सोलापूरकर