ओट्याचा दगड ठरवण्याआधी

मेलबर्न
रविवार

ती. दादास,
सा. न. वि. वि.

ओट्यासाठी वहिनीने पसंत केलेल्या पांढऱ्या क्वार्ट्‌झचा फोटो पाहिला. दिसतो सुरेखच. तरीही तो घेऊ नका, हे सांगायला आज मुद्दाम सविस्तर लिहितेय. फोनवर घाईघाईत बोलण्याची ही गोष्ट नाही.

हा दगड खाणीतून तसाच निघत नाही. क्वार्ट्‌झचा चुरा, रेझिन आणि रंग एकत्र दाबून कारखान्यात त्याच्या लाद्या करतात. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असतं तेच खनिज, ९०-९५ टक्क्यांपर्यंत असू शकते. ग्रॅनाइटमध्ये ती बरीच कमी आणि संगमरवरात तर अगदीच थोडी. एकदा बसवलेल्या ओट्याने घरच्यांना काही होत नाही, तेव्हा वहिनीला उगाच घाबरवू नकोस. जीव जातो तो कापणाऱ्याचा. सिंकचं भोक पाडताना, कडा घासताना जी सिलिकाची धूळ उडते तिच्यातले सगळ्यात घातक कण डोळ्यांना दिसतही नाहीत. ते फुप्फुसात खोल जाऊन बसतात, तिथे व्रण होतात आणि फुप्फुस कडक होत जातं. हाच सिलिकोसिस. तो बरा करणारं औषध नाही. फार बळावला तर फुप्फुस बदलायचं, तेही एखाद्यालाच मिळतं.

आमच्याकडे फुप्फुसाच्या चाचणीसाठी असे कारागीर येतात. परवा आलेला एकजण पस्तिशीचाही नसेल. रुंद खांदे, दगड उचलून कमावलेले हात. छाती भरून श्वास घे आणि नळीत जोरात फुंक, असं मी सांगितलं. त्याने जीव तोडून फुंकलं, पण पडद्यावरची रेघ थोडी वर चढली आणि तिथेच आडवी झाली. मला म्हणाला, ‘नीट झालं नाही वाटतं, पुन्हा करू?’ त्याचं अगदी बरोबर झालं होतं, दादा. छातीत मावणारी हवाच तेवढी उरली होती. पूर्वी खाणकामगारांना हा आजार बहुधा वीस-तीस वर्षं धूळ खाल्ल्यावर व्हायचा. क्वार्ट्‌झ कापणाऱ्या काहींना तो दहा वर्षांच्या आत गाठतो.

म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून हा कृत्रिम दगड बनवणं, विकणं, कापणं आणि बसवणं यावर बंदी घातली. जगात अशी बंदी घालणारा हा पहिला देश. त्याआधी कामगार संघटना आणि डॉक्टर कितीतरी वर्षं ओरडत होते. उद्योगाचं म्हणणं होतं की दोष दगडाचा नाही, नियम न पाळणाऱ्या छोट्या वर्कशॉपचा आहे. शिवाय सिलिका ४० टक्क्यांवर आणली की मग विकायला हरकत काय? इथल्या सरकारी सुरक्षा संस्थेने तपासून सांगितलं की अमुक टक्क्यांखाली हा दगड सुरक्षित, असं म्हणायला पुरावा नाही. मग सरसकटच बंदी आली.

मला ते मनापासून पटलं. ज्याने माल बनवला त्याला त्यात काय आहे हे सगळ्यात आधी ठाऊक असतं. जपायची जबाबदारी मात्र रोजंदारीवरच्या पोराच्या मास्कवर टाकायची, हा कुठला न्याय? ॲस्बेस्टॉसच्या वेळीही हेच झालं. इथल्या विटनूमची ॲस्बेस्टॉसची खाण १९६६ मध्ये बंद झाली, तिथले कामगार त्यानंतर कित्येक वर्षं मरत राहिले, आणि ॲस्बेस्टॉसवर पूर्ण बंदी यायला २००३ चा डिसेंबर संपावा लागला. आपल्याकडे तर ॲस्बेस्टॉसचे सिमेंट पत्रे अजून बनतात, विकले जातात.

आणि आपल्याकडे लाद्या कशा कापतात ते तू रोज बघतोस. जिन्याखाली बसून कोरडा कटर चालवायचा, तोंडाला रुमाल. रुमालाने ही धूळ अडत नाही. पुढे खोकला लागला की बऱ्याचदा टीबी समजून औषधं सुरू होतात. सिलिकाने टीबीचा धोकाही वाढतो, त्यामुळे मूळ कारण आणखीच झाकलं जातं. धूळ कशाची होती हे कोणी विचारत नाही.

तेव्हा तुम्ही ग्रॅनाइट घ्या, नाहीतर आपला कडप्पा. पण त्यांतही सिलिका असतेच, म्हणून मिस्त्रीला आधीच बजाव: पाणी सोडूनच कापायचं, ते जमत नसेल तर दुकानातूनच मापाने कापून आणायचं. त्याचे वरचे पैसे आपण देऊ. कापणाऱ्यांना चांगले एन-९५ मास्क घेऊन दे, पण पाण्याऐवजी मास्क हे चालवून घेऊ नकोस.

आणखी एक. तू सोसायटीच्या कमिटीवर आहेस. दुरुस्तीच्या नोटिशीत दुपारी दोन ते चार ठोकाठोक बंद असं लिहिलेलं असतं, त्याच्याच खाली कोरडं कटिंग बंद अशी ओळ घालून घे. पुढच्या मीटिंगला विषय मांड. कोणी कुरकुर केली तर हे पत्र वाचून दाखव, माझी काही हरकत नाही.

आईला नमस्कार, छोट्याला गोड पापा.

तुझी,
सुमा